न वाचलेली अकरा पानं

आर्विड टोलेफसनने चौतीस वर्षं लोकांवर संशय घेण्याचा पगार घेतला. मिनेसोटा राज्याच्या वजनमापं खात्यात तो निरीक्षक होता. किराणावाल्याचा तराजू, पेट्रोलचा पंप, वखारीतला काटा, जे जे मोजतं ते खरं मोजतं का हे तो तपासायचा आणि खोटं निघालं तर त्यावर लाल चिठ्ठी चिकटवायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्याला एक पौंडाचं पितळी वजन भेट दिलं. घरी आल्यावर त्याने तेही तपासलं. बरोबर निघालं, तेव्हा कुठे त्याने ते कपाटावर मांडलं.

अशा माणसाने अकरा पानांच्या करारावर एकही ओळ न वाचता सही करावी हे कुणाला खरं वाटणार नाही. पण जो एल्व्हडेल गावात वाढलाय त्याला वाटेल. समोरच्या माणसाने दिलेला कागद त्याच्यादेखत वाचायला घ्यायचा म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणायचं. नोकरीत असताना गोष्ट निराळी; तेव्हा छातीवर बिल्ला होता आणि संशय सरकारचा होता. बिल्ला जमा केल्यावर आर्विडकडे स्वतःचा असा संशय फारसा उरला नव्हता.

सगळं सुरू झालं मार्लिसच्या गुडघ्यावरून. मार्लिस त्याची बायको. तिचा एक गुडघा बदलून झाला होता आणि दुसरा रांगेत होता. त्यांच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, तेरा पायऱ्या खाली. कपड्यांची टोपली घेऊन तेरा खाली, तेरा वर, आठवड्याला चार वेळा. आर्विडने टोपली स्वतः न्यायची तयारी दाखवली होती. पण त्याने एकदा लाल मोजे पांढऱ्या चादरींसोबत टाकले होते आणि मार्लिसच्या दृष्टीने तो काटा कायमचा नापास झाला होता. "मला महाल नको," ती म्हणाली. "यंत्र स्वयंपाकघराच्या शेजारी असलेलं घर हवं. बर्फ पडायच्या आत."

एका जाहिरातीवरच्या नंबरला आर्विडने फोन केला. पलीकडे रॉको डिस्टेफानो नावाचा एजंट निघाला. बायकोला इथल्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून न्यू जर्सीहून नुकताच आलेला, मोठ्या आवाजाचा, हातवारे करत बोलणारा माणूस. जाहिरातीतल्या घराच्या दारातच त्याने कागद पुढे केला.

"आत जायच्या आधी सही लागते, मिस्टर टोलेफसन. खरेदीदार प्रतिनिधित्व करार. आता नियमच आहे. या कागदामुळे मी तुमचा माणूस होतो, विकणाऱ्याचा नाही. निवांत वाचा, काही विचारायचं असेल तर विचारा."

"छे छे, वाचायचं काय त्यात," आर्विड म्हणाला आणि जिथे जिथे पिवळी खूण होती तिथे तिथे सही करत गेला. मार्लिसनेही केली.

आत गेल्यावर कळलं, घर तीन मजली होतं.

"छान आहे," आर्विड म्हणाला. एल्व्हडेलमध्ये याचा अर्थ 'फुकट दिलं तरी नको' असा होतो. रॉकोने वहीत लिहून घेतलं: आवडलं.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी लुअ‍ॅन स्कॉगस्टाड त्यांच्या टेबलाशी आली. लुअ‍ॅन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि उरलेले सहा दिवस घरं विकते. तिने रुबार्बच्या आंबटगोड वड्यांची थाळी आणि तिच्याखाली एक कागद असं दोन्ही पुढे सरकवलं.

"आर्विडकाका, घर बघताय असं ऐकलं. कुणाला नेमलं नसेल तर या कागदावर सही करून ठेवा. घाई नाही हं, नंतर दिलात तरी चालेल."

आता इथे 'आम्ही परवाच एकाला नेमलंय' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य, ऑर्गन वाजवणाऱ्या, वड्या आणणाऱ्या, लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला, एका न्यू जर्सीच्या माणसासाठी, चर्चमध्ये सांगायचं होतं. आर्विडने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिसने वडीकडे पाहिलं. दोघांनी सह्या केल्या.

"दोन कागद?" संध्याकाळी व्हर्लिन ओरडला. व्हर्लिन म्हणजे मार्लिसचा भाऊ. त्याने आयुष्यात घर एकदाच घेतलं होतं, तेही वडिलांकडून. पण या विषयात त्याचा शब्द अखेरचा असे. "अरे, दोघांच्याही कागदावर 'फक्त माझ्यामार्फत' असं असतं! उद्या घर घेतलंस की दोघंही कमिशन मागतील. दोन बायका केल्यासारखं झालं हे."

"सहा महिन्यांनी संपतो म्हणे करार," आर्विड म्हणाला.

"संपल्यावरही शेपूट राहतं. त्यांनी दाखवलेलं घर नंतर घेतलं तरी त्यांचा हक्क. माझं ऐक, तळं गोठलं की त्यावर मासेमारीसाठी मी खोपट ठेवतो, त्यात राहायला जा. तिथे पायऱ्या नाहीत."

"धुण्याचं यंत्र?" मार्लिसने विचारलं.

"खाली सगळं तळंच आहे की."

दुसऱ्या दिवशी आर्विड लुअ‍ॅनकडे सगळं स्पष्ट सांगायला गेला. मोकळ्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून मार्लिसने वर बटाट्याचा थर देऊन भट्टीत भाजलेलं मांसाचं हॉटडिश भांडंभर दिलं. भांड्याच्या बुडाला नेहमीप्रमाणे चिकटपट्टीवर 'टोलेफसन' लिहिलेलं. लुअ‍ॅनने कॉफी विचारली. तो दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा घेतली, कारण पहिल्या दोन वेळा विचारणं ही रीत असते आणि तिसऱ्यांदा विचारणं हे आमंत्रण. मग पावसाळी थंडीवर बोलणं झालं. मग ऑर्गनच्या बाकाचा एक पाय डुगडुगतो यावर. दोन तासांनी आर्विड घरी आला, तेव्हा करार होता तसाच होता आणि बाक दुरुस्त करायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं होतं.

"सांगितलंस?" मार्लिसने विचारलं.

"वातावरण तयार केलं," आर्विड म्हणाला.

गुरुवारी रिकामं भांडं परत आलं. अर्थात रिकामं भांडं कुणी परत करत नाही. आत कागदाचा रुमाल, त्यावर सहा वड्या, आणि वड्यांच्या खाली करार रद्द केल्याचा कागद, लुअ‍ॅनच्या सहीसकट. सोबत चिठ्ठी: 'काका, तुमची गाडी त्या रॉकोच्या गाडीमागे उभी होती हे गावाने गेल्या शुक्रवारीच पाहिलं होतं. रविवारी मी विचारायला नको होतं, पण न विचारणंही बरं दिसलं नसतं. इथे तुम्ही दोघं सही करा की झालं. आणि हो, आर्डेल न्यूगार्डने अंगणात घर विकण्याची पाटी लावलीय. यंत्र स्वयंपाकघराच्या शेजारी आहे. रॉकोला घेऊन जा. बाक शनिवारी चालेल.'

आर्विडला इतकं हलकं वाटलं, की त्याने सहावी वडीसुद्धा खाल्ली. म्हणजे निम्मी. शेवटची वडी अख्खी खाण्याइतका तो अजून बिघडला नव्हता.

आर्डेल न्यूगार्डचं पिवळं, एकमजली घर तळ्याच्या कडेला होतं. चौऱ्याऐंशीच्या आर्डेलला लेकीकडे राहायला जायचं होतं आणि एजंट न नेमता घर स्वतःच विकायचं होतं. घर पाहताना मार्लिस थेट स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकघरातून चार पावलांवर धुण्याचं यंत्र होतं. तिने चार पावलं टाकली, यंत्राच्या झाकणावर हात ठेवला आणि परत आली. मग पुन्हा एकदा गेली. आर्विडला त्यावरून सगळं कळलं.

एकच गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. आर्डेलच्या नवऱ्याचं, मिलफर्डचं, गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं. तीस वर्षांपूर्वी आर्विडने त्याच्या खिळ्यांच्या तराजूवर लाल चिठ्ठी लावली होती. तराजू पौंडामागे तीन खिळे जास्त देत होता. नुकसान मिलफर्डचंच होतं, पण चूक ती चूक. मिलफर्डने त्यावर चकार शब्द काढला नाही. मात्र पुढे मरेपर्यंत चर्चमध्ये त्याचं हस्तांदोलन एका सेकंदाने आखूड असायचं. इतक्या लहान फरकाची नोंद घेणारा माणूस गावात एकच होता.

"आता बोलणी मी करणार," रॉको म्हणाला. "करारात तसंच आहे. तुम्ही तिच्याशी किमतीचं बोलायचं नाही." आर्विडला हे फारच सोयीचं वाटलं.

रॉको गेला आणि अर्ध्या तासात परत आला. "नाही म्हणाली. 'या जुन्या घरात कुणाला काय रस असणार, विकायचं की नाही माझंच ठरत नाही' असं म्हणाली. जाऊ द्या. दुसरं बघू."

आर्विड चरकला. हे पहिलं 'नाही' होतं. पहिलं 'नाही' म्हणजे पायपुसणं. त्यावर पाय पुसून आत जायचं असतं. पण एजंटला त्याचंच काम शिकवणं उद्धटपणाचं. "तळ्याच्या बाजूला हवा छान असते," तो म्हणाला. "पुन्हा एखादी चक्कर मारलीत तर..."

रॉकोने वही मिटली. पण दुसऱ्या दिवशी गेला, या वेळी किंमत कागदावर लिहून. वीस मिनिटांनी आर्डेलच्या ओसरीतूनच त्याचा फोन आला.

"मिस्टर टोलेफसन, कमाल आहे! बाई म्हणते, 'इतके? इतके कसे घेऊ मी?' तिला स्वतःलाच जास्त वाटतायत! नऊ हजारांनी खाली येऊ?"

दुसरं 'नाही' नेहमी असंच असतं. त्यावर 'घ्या हो, घ्या' म्हणायचं असतं. खाली यायचं? त्या बाईच्या तोंडावर? त्याने त्याला येत होता तेवढा कठोर शब्द वापरला.

"हं," तो म्हणाला. "तसंही करता येईल."

एल्व्हडेलमध्ये हे वाक्य ऐकून लोकांनी ठरलेली लग्नं मोडली आहेत. याचा अर्थ 'वेड लागल्याशिवाय कुणी असं करणार नाही' असा होतो. रॉको म्हणाला, "झकास!" आणि फोन ठेवला.

"मग काय म्हणाली?" तो परत आल्यावर आर्विडने क्षीण आवाजात विचारलं.

"माझा कागद परत दिला. मग म्हणाली, 'हे जरा वेगळंच आहे.' आणि दार लावून घेतलं."

"आपटलं?"

"नाही, अगदी हळू."

मार्लिस खुर्चीत बसली. आर्डेलने दार आपटलं असतं तर आशा होती.

दोन दिवसांनी व्हर्लिन बातमी घेऊन आला. आर्डेलने पाटी उपटून गॅरेजमध्ये पालथी टाकली होती आणि रेडिओवर रविवारपासून बर्फ सांगितला होता. "खोपटाचं बघ," तो म्हणाला. "चूल घातलीय मी."

आर्विडने रॉकोला दोष देऊन पाहिला. जमेना. मग करारावर राग काढून पाहिला. या कागदाने आपलं तोंड बांधलं, नाहीतर आपण सरळ जाऊन बोललो असतो, असं त्याने मार्लिसला ऐकू जाईल असं म्हटलं. पण मार्लिस खोलीत नव्हती. तो शोधत तळघराच्या दाराशी गेला. ती सातव्या पायरीवर बसली होती. टोपली मांडीवर, आणि ओले टॉवेल त्यात नीट घडी करून.

"पडलीस?"

"नाही रे. जरा बसलेय."

"किती वेळ?"

"वरून सहा, खालून सहा," ती म्हणाली. "मधोमध आहे. कुठल्या बाजूने जवळ पडेल याचा विचार करत होते."

आर्विडने टोपली वर आणली, मग तिला वर आणलं. मग त्याने ड्रॉवरमधून निरीक्षकाचं भिंग काढलं, पितळी वजन करारावर ठेवलं, म्हणजे पानं उडू नयेत, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून पहिल्या पानाच्या पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. जे पान बरोबर निघेल त्याच्या कोपऱ्यात तो हिरवी खूण करत होता. चौथ्या पानावर रॉकोने खरेदीदाराचं हित पाहायचं होतं. पाचव्यावर त्याला मिळायची रक्कम आणि ती बोलून कमीजास्त करता येते हे. सहाव्यावर व्हर्लिन म्हणाला होता ते शेपूट, जे निघालं मात्र व्हर्लिन म्हणाला त्याच्या अर्ध्याच लांबीचं. सातव्या पानाशी तो थांबला. ते त्याने दोनदा वाचलं.

"मार्लिस, ऐक. 'प्रतिनिधीने ग्राहकाच्या सर्व कायदेशीर सूचनांचं पालन केलं पाहिजे.' "

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड माझं बांधलेलं नाही. बांधला तो गेलाय. मी सांगेन ते त्याने करायचं."

"मग इतके दिवस का नाही केलं त्याने?"

आर्विडने भिंग खाली ठेवलं. "मी काही सांगितलंच नाही," तो म्हणाला.

रॉको आला तेव्हा आर्विड उभा होता. बसून हे जमलं नसतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"रॉको, नाही," तो म्हणाला. सहासष्ट वर्षांतलं हे त्याचं पहिलं सुटं 'नाही' होतं. पुढेमागे काहीही न लावलेलं. तोल जातोय की काय म्हणून त्याने टेबल धरलं. "नऊ हजार कमी करायचे नव्हते. ते तीन मजली घर मला मुळीच आवडलं नव्हतं. आर्डेलचं घर हवंय, पहिल्या किमतीला. तुम्ही तिसऱ्यांदा जायचं. ही माझी सूचना आहे. पान सात."

आता हा माणूस कागद फेकून निघून जाणार, अशी आर्विडची खात्री होती. रॉकोने दोन्ही हात वर केले.

"अहो, देवा! तीन आठवडे मी याचीच वाट बघतोय! तुमच्या तोंडून एक तरी स्पष्ट शब्द निघेल म्हणून! मी रोज बायकोला सांगतो, माझा ग्राहक भला माणूस आहे, पण त्याला काय हवंय ते त्याच्या कुत्र्याला विचारावं लागेल."

"आमच्याकडे कुत्रा नाही."

"तेच तर!"

मग तासभर शिकवणी झाली. कॉफी विचारली की दोनदा नको, तिसऱ्यांदा 'केलेलीच असेल तर अर्धा कप'. थाळीतली शेवटची वडी अख्खी उचलायची नाही. किंमत एकदम काढायची नाही. आधी हवा, मग तळं, मग गुडघा. "आणि ती 'बघू' म्हणाली तर?" रॉकोने वही उघडून विचारलं. "कुठल्या आवाजात?" मार्लिसने विचारलं. रॉकोने लिहिलं: आवाज लक्षात ठेवणे.

शनिवारी दुपारी तिघं आर्डेलच्या घरापाशी पोचले. बोलणी रॉकोची, म्हणून आर्विड आणि मार्लिस गाडीतच बसले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहू लागले. आर्डेलने किटली उचलली. रॉकोने हात हलवला. तिने पुन्हा उचलली. रॉकोने पुन्हा हात हलवला, जरा कमी.

"तिसऱ्यांदा विचार गं बाई," मार्लिस पुटपुटली.

आर्डेलने किटली उचलली. रॉकोने अंगठा आणि तर्जनी यांत अर्ध्या कपाइतकं अंतर दाखवलं. आर्विडने इतका मोठा सुस्कारा सोडला की काचेवर धुकं बसलं आणि पुढचं दिसेना. तो बाहीने काच पुसत होता, तोच कुणीतरी बाहेरून टकटक केलं. आर्डेल होती. अंगात नवऱ्याचा जुना कोट, मागे रॉको.

"आर्विड टोलेफसन, माझ्या अंगणात येऊन गाडीत बसतोस?"

"मिसेस न्यूगार्ड, ते करारात..."

"मिलफर्ड म्हणायचा, गावात एकच माणूस आहे जो आपल्याला तोटा होतोय हेसुद्धा चिठ्ठी लावून सांगतो. राग आला होता त्याला. पण वाचलेल्या त्या तीन खिळ्यांनी पुढे वीस वर्षांत आमचं छप्पर झालं, असंही म्हणायचा. म्हणून मला खरं खरं सांग. ते नऊ हजार कमी करायला तूच सांगितलंस?"

किमतीचं काही बोलायचं नव्हतं. पण हे किमतीचं नव्हतं. आर्विड गाडीतून उतरला.

"त्याने फोन केला तेव्हा मी म्हणालो, 'तसंही करता येईल.' "

आर्डेल एक पाऊल पुढे आली. "अरे, मग तू तर नाही म्हणालास!"

"हो."

"साफ नाही म्हणालास!"

"हो ना."

"आणि याला कळलं नाही?"

"नाही."

दोघांनी वळून रॉकोकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

"मी शिकतोय," रॉको म्हणाला.

आर्डेलने सगळ्यांना आत नेलं, पहिल्या किमतीला होकार दिला आणि लेकीने आधीच भरून ठेवलेले खरेदीचे कागद टेबलावर मांडले, तेव्हा आर्विडचा हात सवयीने पेनाकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला, चष्मा लावला, आणि आर्डेलच्या समोर, तिच्या स्वयंपाकघरात, तिची कॉफी पीत, पहिलं पान वाचायला घेतलं. कान पुन्हा लाल झाले. दुसरं पान उलटलं तेव्हा आर्डेल उठली आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा लावला.

"मिलफर्डच्या दुकानातही असाच बसायचास," ती म्हणाली. "वाच. सगळं वाच."

आठव्या पानावर तिच्या लेकीने घराचा क्रमांक चुकीचा टाकलेला सापडला. नाहीतर टोलेफसन मंडळींनी शेजाऱ्याची बोट ठेवायची शेड विकत घेतली असती. तो दुरुस्त केला आणि मग सह्या झाल्या. मार्लिस मध्येच उठून चार पावलं चालून आली होती.

थाळीत एक वडी उरली होती. रॉकोने सुरी घेतली, तिची निम्मी केली, निम्म्याची निम्मी केली, आणि तो नखाएवढा तुकडा बशीत घेतला. आर्डेलने मार्लिसकडे पाहून भुवया उंचावल्या.

"तर मग," आर्विड गुडघ्यांवर हात आपटून म्हणाला, "निघायला हवं."

मग ते बसूनच राहिले. मग दाराशी उभे राहिले. मग ओसरीवर तळ्याबद्दल बोलले, मग गाडीशी बर्फाबद्दल, मग काच खाली करून लुअ‍ॅनच्या बाकाबद्दल. पहिला बर्फ एक दिवस लवकरच, काचेवर पडायला लागला होता. जे घर आता आपलंच होणार त्याच्या अंगणातून बाहेर पडायला त्यांना पाऊण तास लागला, आणि त्यातला शेवटचा पाव तास रॉकोमुळे.